कंपन्यांनाच पुढचं ठाऊक नाही, मग जमीन कशाच्या भरवशावर गहाण टाकायची?

बेळगावच्या उद्यमबागेतून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असा तपशील गाळून त्यांची अडचण थोडक्यात देतो.

त्यांचं मशीन शॉप आहे. चार सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या लेथ), दोन व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशिनं), १४ माणसं. फौंड्रीतून कास्टिंग, म्हणजे ओतलेला कच्चा पार्ट येतो, मशीनिंग होऊन तो पुण्याकडच्या एका मोठ्या पुरवठादाराकडे आणि तिथून गाड्यांच्या कंपन्यांत जातो. बिलातला ७० टक्के भाग दोनच पार्टांचा, फ्लायव्हील (इंजिनाचं जड फिरतं चाक) आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणारा भाग). उरलेल्यात ब्रेक ड्रम, थोडे ट्रॅक्टरचे पार्ट आणि पंपवाल्यांचं किरकोळ जॉबवर्क. यजमान ५७ वर्षांचे. क्वांटिटी वाढणार असं ग्राहक तोंडी म्हणालाय, म्हणून त्यांना त्याच कामासाठी आणखी दोन सीएनसी घ्यायच्यात. मुलगा डिप्लोमा करून चाकणला दोन वर्षं नोकरी करून परत आलाय. त्याचं म्हणणं, पेट्रोलचे दिवस भरले; जुनी मशिनं विकू, एक एचएमसी (आडव्या स्पिंडलचं महागडं मशीन) घेऊ आणि इलेक्ट्रिक गाडीची मोटर हाउसिंग करू. दोघांच्याही बेताला कर्ज लागतं, आणि कर्जाला खानापूर तालुक्यातली वडिलोपार्जित जमीन. ताई विचारतात, "दोघांतलं बरोबर कोण? मी नुसती बिलं आणि जीएसटी बघते, मला मशिनीतलं कळत नाही. मुलाचं ऐकलं नाही तर तो परत पुण्याला जाईल ही भीती वेगळीच."

ताई,

तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही धरूनच चालला आहात. पुढे पेट्रोल राहणार की वीज येणार हे एकदा कळलं की निर्णय सोपा, आणि मोठ्या कंपन्यांना ते कळलेलं आहे. आपल्यापर्यंत तेवढं पोचायचं राहिलंय. यजमान ग्राहकाच्या शब्दावर विसंबतात, मुलगा चाकणला ऐकलेल्यावर. दोघांचाही विश्वास शेवटी एकाच ठिकाणी आहे, की वर कुणाला तरी नक्की माहीत आहे.

तसं कुणालाही माहीत नाही. व्होल्वोने २०२१ साली जाहीर केलं होतं की २०३० पासून फक्त विजेच्या गाड्या विकू. सप्टेंबर २०२४मध्ये तो शब्द मागे घेतला. मर्सिडीजनेही २०२१मध्ये तशीच तयारी सांगितली होती आणि २०२४च्या फेब्रुवारीत पाऊल मागे घेतलं. आपल्याकडचं बघा. मारुतीने स्वतः तयार केलेलं दीड लिटरचं डिझेल इंजिन २०१९ साली बाजारात आणलं, आणि एप्रिल २०२०मध्ये बीएस-६ लागू होताच डिझेल गाड्याच बंद केल्या. जेमतेम वर्षभराचं इंजिन. त्याचे पार्ट करायला ज्यांनी फिक्स्चर बनवली, मशिनं लावली, त्यांचं काय झालं असेल याचा विचार करा. फोर्डने २०२१मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं सांगितलं. साणंदचा कारखाना पुढे टाटांकडे गेला. कारखान्याला नवा मालक मिळाला, पण जुन्या गाडीच्या पार्टाला नवी गाडी मिळत नाही.

या कंपन्या मूर्ख नव्हत्या. त्यांच्याकडे माणसं होती, पैसा होता, अहवाल होते. तरी अंदाज चुकले, कारण सरकारचे नियम, बॅटरीची किंमत, लोकांचा कल आणि चीनचं धोरण या सगळ्यांवर ते अवलंबून होते. एप्रिल २०२५मध्ये चीनने चुंबकाला लागणाऱ्या दुर्मिळ धातूंच्या निर्यातीवर बंधनं घातली आणि विजेच्या मोटर करणाऱ्यांची जगभर धावपळ झाली. हे आधी कुणाच्या शेड्यूलमध्ये होतं?

मग टिकलेल्या कंपन्या काय करतात? आपलं अनुमान चुकलं तरी फार नुकसान होऊ नये अशी मांडणी करतात. टाटांची नेक्सॉन बघा. एकच गाडी पेट्रोल, डिझेल, सीएनजी आणि वीज अशा चारही रूपांत मिळते. २०२०च्या जानेवारीत त्यांनी विजेची नेक्सॉन आणली ती बाजारात असलेल्या गाडीच्याच सांगाड्यावर. गिऱ्हाईक येतंय हे दिसल्यावर, चार वर्षांनी, २०२४मध्ये पंचसाठी विजेच्या गाडीचा वेगळा सांगाडा काढला. आधी थोडक्यात अजमावून पाहिलं, मग पैसा ओतला. मारुतीने डिझेल सोडलं तेव्हा एकदम विजेवर उडी घेतली नाही. सीएनजी वाढवलं, ग्रँड व्हिटारामध्ये टोयोटाचं हायब्रिड तंत्र घेतलं, आणि ती गाडी टोयोटाच्या बिडदीच्या कारखान्यात, म्हणजे आपल्याच कर्नाटकात बनवून घेतली. विजेच्या ई-व्हिटाराचं उत्पादन गुजरातमध्ये सुरू झालं ते ऑगस्ट २०२५मध्ये.

टोयोटाची गोष्ट मला तुमच्या मुलासाठी मुद्दाम सांगायची आहे. हे घराणं मूळचं यंत्रमाग बनवणारं. मागांची कंपनी १९२६ची. १९२९मध्ये त्यांनी आपल्या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सना विकले आणि मिळालेल्या पैशाचा आधार मोटारीच्या खटपटीला झाला. १९३३मध्ये मागाच्याच कारखान्यात मोटारीचा विभाग निघाला, १९३७मध्ये मोटारीची वेगळी कंपनी झाली. मागाचा धंदा मोडून मोटार आणली नाही. मागाने मोटारीला पोसलं.

त्याच टोयोटाची इथली भागीदारी १९९७पासून किर्लोस्करांशी आहे, आणि किर्लोस्करांची सुरुवात तुमच्या बेळगावातली. लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकली विकत आणि दुरुस्त करत. मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता, त्यामुळे सुरुवातीचे नांगर बराच काळ पडून राहिले. तेवढा काळ निघाला तो इतर कामांवर. १९१०मध्ये बेळगावातली जागा सोडून कुंडलजवळच्या माळावर जावं लागलं आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. उद्यमबागेत आज जे फौंड्रीचं आणि मशीनिंगचं ज्ञान आहे, त्याची मुळं या मातीत इतकी जुनी आहेत. मुलाला आपलं गाव मागासलेलं वाटत असेल तर हे त्याला जरूर सांगा.

आता तुमच्या बिलांकडे येतो. तुम्ही लिहिलंय की तुम्हाला मशिनीतलं कळत नाही. पण या घडीला सगळ्यात उपयोगी माहिती यजमानांकडे किंवा मुलाकडे नाही, ती तुमच्या बिलांच्या फायलीत आहे. मागच्या बारा महिन्यांची बिलं घ्या आणि त्यांचे तीन गठ्ठे करा. इंजिन असेल तरच लागणारे पार्ट एकीकडे. गाडी पेट्रोलची असो की विजेची, लागणारच असे दुसरीकडे: ब्रेक ड्रम, हब, नकल, सस्पेन्शनचे ब्रॅकेट. आणि मोटारीशी संबंध नसलेलं तिसरीकडे: पंप, हायड्रॉलिक, शेतीची अवजारं. ट्रॅक्टरचे पार्ट सध्या वेगळे ठेवा, कारण ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन इतक्यात कुठे जात नाही आणि तिथेही फ्लायव्हील लागतं. प्रत्येक गठ्ठ्यापुढे नुसती विक्री लिहू नका. टूलिंग, वीज, पगार आणि रिजेक्शन वजा जाता हातात काय उरलं ते लिहा. मी बरीच वर्षं पुरवठादारांच्या कॉस्टिंगचे कागद पाहिले आहेत. सगळ्यात मोठं बिल असलेला पार्ट सगळ्यात कमी पैसा सोडून जातो, हे कितीदा तरी दिसलं.

पहिला गठ्ठा बघताना आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. धोका विजेचाच आहे असं मुलगा मानतो, आणि वीज इथे हळू येतेय म्हणून यजमान निर्धास्त आहेत. विजेच्या वेगाबद्दल यजमानांचं फारसं चूक नाही. २०२४-२५ या वर्षात देशात विकल्या गेलेल्या शंभर प्रवासी मोटारींत विजेच्या तीनही नव्हत्या. तीनचाकीत मात्र ई-रिक्षा धरून निम्म्याहून जास्त विजेच्या झाल्या. शिवाय आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतंय. चिकोडी, अथणी, रायबागच्या उसाचा पैसा त्यात गुंतलाय, तेव्हा इंजिन चालू राहावं असं वाटणारे बरेच आहेत. पण तुमचे दोन्ही पार्ट इंजिन राहूनसुद्धा जाऊ शकतात. नव्या छोट्या पेट्रोल इंजिनांपैकी अनेकांत एक्झॉस्ट मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असतो, काहींत तो पत्र्याचा असतो. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, वेगळा पीस लागतच नाही. आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिक गाडीत बिडाच्या जड फ्लायव्हीलऐवजी पत्र्याची पातळ प्लेट बसते. म्हणजे पेट्रोल गाडी जोरात विकली जात असतानाही तुमचा पार्ट बंद होऊ शकतो. बापलेक ज्या मुद्द्यावर भांडतायत, त्याच्या बाहेर हा प्रश्न उभा आहे.

म्हणून यजमानांनी ग्राहकाकडे जावं आणि क्वांटिटी किती वाढेल हे विचारण्याआधी दुसरेच प्रश्न विचारावेत. हा पार्ट कुठल्या इंजिनावर बसतो? ते इंजिन कधी सुरू झालं, त्याच्या बदलाची तारीख ठरली आहे का? नव्या इंजिनाच्या पार्टाची चौकशी आम्हाला पाठवणार का? आमच्याशिवाय हा पार्ट आणखी किती जण करतात? पर्चेसचा माणूस सगळं सांगणार नाही. पण तो कुठे अडखळतो ते यजमानांना लगेच कळेल, इतकी वर्षं त्यांनी धंदा केलाय. वाढीव क्वांटिटीचं पत्र मागावं. तुमच्या धंद्यात पीओ (खरेदीची ऑर्डर) ओपन असते, म्हणजे संख्येचं बंधन नसतं, शेड्यूल महिन्याचं येतं आणि पुढच्या दोन महिन्यांचा आकडा नुसता अंदाज असतो. बदलाचा भार कंपन्या अशाच खाली सरकवतात. त्यांनी लाइन लवचिक ठेवली, कारण मशीनचा हप्ता तुमच्या डोक्यावर आहे. याबद्दल मला मनापासून राग आहे, पण त्याने हप्ता भरला जात नाही. पत्र मिळालं नाही तर वाढीव माल दुसऱ्या पाळीत काढा किंवा शेजारच्या शेडमधून जॉबवर्कने करून घ्या. दोन नवी मशिनं केवळ शब्दावर घेऊ नयेत.

मुलाच्या बेताबद्दल. त्याची नजर बरोबर दिशेला आहे, पण त्याने निवडलेला पार्ट तुमच्यासारख्या शॉपला कठीण आहे. मोटर हाउसिंग बहुतेक ॲल्युमिनियमचं असतं, प्रेशर डायकास्टिंगने ओतलेलं. ओतणाऱ्या मोठ्या कंपन्या मशीनिंगही बहुधा स्वतःकडेच ठेवतात, कारण आत पोकळी निघाली तर दोष ओतकामाचा की मशीनिंगचा हा वाद त्यांना नको असतो. बाहेर येतं ते जादा झालेलं काम, आणि मंदी आली की तेच आधी थांबतं. त्यासाठी कोटीच्या घरातलं मशीन आणि तेही जुनं विकून? नको. वर सांगितलेली मागवाल्यांची गोष्ट त्याला इथेच लागू पडते.

पण त्याचा उत्साह मारूही नका. तुमच्या दोन व्हीएमसींपैकी एक ॲल्युमिनियमसाठी वेगळी काढून त्याच्या हवाली करा. बिडाची भुकटी आणि ॲल्युमिनियमची चिप एकत्र होऊ देऊ नका, कूलंट वेगळं, टूलही वेगळी लागतील. लीक टेस्टची साधी सोय करावी लागेल. बाकी सेटिंग, प्रोग्रॅमिंग त्याला येतं. सुरुवात मोटारीपासून करू नका. पंपवाले आणि हायड्रॉलिकवाले उद्यमबागेतच आहेत, त्यांच्याकडे ॲल्युमिनियमचे छोटे लॉट असतात. तिथे हात बसू दे. मग विजेच्या तीनचाकीवाल्यांकडे जाऊ दे. तिथे लॉट लहान असतात, डिझाइन सारखं बदलतं, आणि लवकर नमुना करून देणाऱ्या छोट्या शॉपला किंमत असते. मोठा पुरवठादार जिथे ५० पीससाठी वेळ देत नाही तिथे तुमची जागा आहे.

आणि दक्षिणेकडे बघा. तुमचा सगळा माल पुण्याच्या दिशेने जातो. बेळगाव महामार्गावर पुणे आणि बेंगळुरू यांच्या मध्ये आहे. धारवाड तर दीड-दोन तासांवर. बिडदी, पीन्या, होसूर हा दुसरा मोठा बाजार आहे. इथल्या मराठी मुलांना कन्नड येतं. पुण्यातल्या स्पर्धकाला ते येत नाही. हा तुमचा फायदा आहे आणि तो आजवर वापरलेला नाही.

हे सगळं शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या, मच्छे-काकतीच्या छोट्या शेडवाल्यांनाही लागू आहे. ज्यांना मशीन घ्यायचंच आहे त्यांना एक आग्रह: एकाच पार्टासाठी बनवलेलं स्पेशल मशीन कर्ज काढून घेऊ नका. साधी सीएनसी किंवा व्हीएमसी उद्या दुसऱ्या कामाला लागते, विकली तर गिऱ्हाईक मिळतं. स्पेशल मशीनचा पार्ट बंद झाला की ते भंगारात जातं. ग्राहक आग्रह धरत असेल तर मशीनचा खर्च त्याने सोसावा, किंवा पार्टाच्या दरात ठरावीक संख्येवर वसूल करून द्यावा, आणि ते कागदावर असावं.

आता जमीन. ती लावू नका, हे मी स्पष्टच सांगतो. वडिलोपार्जित असेल तर यजमानांच्या बहिणींचाही हक्क आहे. २००५च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हिस्सा मुलांइतकाच आहे. उताऱ्यावर कुणाची नावं आहेत ते आधी बघा. बहिणींना न सांगता बँकेत कागद घेऊन जाणं म्हणजे धंद्याच्या काळजीत नात्याची काळजी वाढवून घेणं. उद्योगाच्या कर्जाला सीजीटीएमएसई नावाची सरकारी हमी योजना आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी तिची मर्यादा एप्रिल २०२५पासून १० कोटी झाली आहे. हमीचं शुल्क भरावं लागतं, पण तारण मागितलं जाऊ नये हाच तिचा हेतू. मॅनेजर जमिनीवरच अडून बसला तर दुसऱ्या बँकेत विचारा. तिथेही तेच ऐकू आलं तर ते ऐका, कारण बँकेलाही तुमच्या ऑर्डरचा भरवसा वाटत नाही असा त्याचा अर्थ आहे.

कर्जाच्या आधी अडकलेला पैसा मोकळा करा. तुमची उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आहे का? असेल तर लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं खरेदीदारावर बंधनकारक आहे. आर्थिक वर्ष २०२३-२४पासून, मुदत उलटून वर्षअखेरीपर्यंतही पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी आयकरात वजा करता येत नाही. तक्रार करून ग्राहक दुखवायचा नसेल तर नुसता उद्यम क्रमांक बिलावर ठळक छापा आणि ग्राहकाच्या अकाउंट्सला एक मेल टाका. मार्चच्या आधी त्यांचा सीए स्वतःच बिलं शोधत बसेल. ट्रेड्स या ऑनलाइन व्यवस्थेवर मुदतीआधी बिल वटवायची सोयही आहे, त्याची चौकशी तुमच्या बँकेत करा.

माणसांचं विसरू नका. १४ जणांपैकी जे फक्त एकाच मशीनवर एकच पार्ट चालवतात, त्यांना आळीपाळीने दुसऱ्या मशीनवर बसवा. दोघा तरुण ऑपरेटरना बेळगावच्या जीटीटीसीत (सरकारी टूलरूम व प्रशिक्षण केंद्रात) छोट्या कोर्सला पाठवा. पार्ट बदलला की आधी माणसं अडतात, मशिनं नंतर.

राहिला मुलगा. तो पुण्याला जाईल म्हणून त्याच्या बेताला हो म्हणू नका. तसा दिलेला होकार पहिल्या तोट्याला उलटतो. त्याऐवजी त्याच्यासाठी एक रक्कम ठरवा. पूर्ण बुडाली तरी पगार आणि हप्ते चुकणार नाहीत एवढीच, आणि ती किती हे तुम्हीच काढा, कारण खाती तुमच्याकडे आहेत. मुदत १८ महिने. त्यात किती नवे ग्राहक, किती नवे पार्ट हे त्याने स्वतः लिहून द्यावं. दर तीन महिन्यांनी तिघांनी बसून तुमच्या तीन गठ्ठ्यांचे आकडे बघावेत. पहिला गठ्ठा ७० टक्क्यांवरून खाली येतोय का, एवढंच. त्या बैठकीत यजमानांनी दर सांगावा आणि मुलाने पद्धत. आवाजावरून टूल बोथट झालंय हे ओळखणारा कान त्यांच्याकडे आहे, नवा ड्रॉइंग वाचायची सवय याच्याकडे, आणि दोन्ही लागणार आहेत. आणि मुलाला पगार सुरू करा. चाकणएवढा जमणार नाही, पण ठरलेल्या तारखेला खात्यावर जमा होणारा. घरच्या पोराला पगार कशाला असं यजमान म्हणतील. तिथे मात्र तुम्ही मागे हटू नका.